कॉस्च्युम सारखा सैल पडतोय? आधी बघा, कापड गेलंय की इलॅस्टिक

पोहणाऱ्यांचे कॉस्च्युम, जॅमर (गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी) आणि ट्रंका दुरुस्त करून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. तक्रारी नाना प्रकारच्या येतात, पण उसवून बघितलं की दोष फिरून फिरून दोनच निघतात. एक तर कापडात विणलेला ताणणारा तंतू तुटलेला असतो, नाहीतर कडेला शिवलेलं इलॅस्टिक गेलेलं असतं. अंगावर दोन्ही सारखंच जाणवतं. पण इलॅस्टिक बदलता येतं आणि कापड बदलता येत नाही, त्यामुळे नेमकं काय गेलंय हे कळल्याशिवाय खर्च करू नका. खालच्या तपासण्या सोप्या आणि फुकटच्यांपासून सुरू होतात, अवघड आणि खर्चिक शेवटी येतात.

लक्षणं

- ओला झाला की मागच्या बाजूला झोळी होते, भिंतीला पाय मारून निघताना गळ्यातून पाणी आत शिरतं.
- मांडीची किंवा कंबरेची कड अंगाला चिकटून राहत नाही, लाटांसारखी वळते.
- ताणल्यावर करकर असा बारीक आवाज येतो.
- कापडावर केसांसारखे आखूड पांढरे तंतू वर आलेले दिसतात.
- उजेडासमोर धरलं की बसायच्या जागी आरपार दिसतं.
- काळा रंग तपकिरी पडतो, गडद रंग विटतात.
- मानेशी, काखेत, मांडीच्या कडेला पिवळे-नारिंगी डाग.
- धुऊन वाळवल्यावरही पूलचा किंवा कुबट वास.
- बसायच्या जागी गोळे.

पहिली पाच लक्षणं झालेल्या नुकसानीची आहेत. रंग, डाग आणि वास ही पुढे होणाऱ्या नुकसानीची सूचना आहे, आणि खरं तर लोकांनी कॉस्च्युम तेव्हाच दाखवायला हवा. तसा तो कोणी दाखवत नाही, झोळी झाल्यावरच आठवण होते.

पूर्ण वाळवा, मग ठरवा

नायलॉन थोडं पाणी पितं आणि ओलं असताना ढिलं पडतं. सर्वसाधारण हवेत नायलॉनमध्ये चार टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतो. म्हणून नायलॉनचा कॉस्च्युम पाण्यात थोडा सैल वाटणारच. नवा घेताना दुकानात तो जरा जास्त घट्ट वाटावा असं सांगतात, त्यामागचं कारण हेच. रात्रभर वाळवून सकाळी घालून बघा. कोरडा असताना अंगाला बरोबर बसत असेल तर कापड आणि इलॅस्टिक दोन्ही ठीक आहेत. कॉस्च्युमचं माप मोठं आहे, एवढंच. शिंप्याकडून बाजूच्या शिवणीतून थोडं आत घेऊन काम भागतं.

हाताने ताणून बघा

सगळ्यात जास्त माहिती या तपासणीतून मिळते, म्हणून घाई करू नका. कॉस्च्युम कोरडा हवा. बसायच्या जागेचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरा, मध्ये चार बोटांचं अंतर ठेवा. दीडपट होईल इतकं ताणा, मोजून पाच सेकंद धरा आणि सोडा. आता हेच बाजूच्या शिवणीलगत, काखेच्या खाली करा. तिथे घर्षण कमी, त्यामुळे तिथलं कापड बऱ्यापैकी शाबूत असतं. तुमच्या तुलनेसाठी तोच नमुना.

चांगलं कापड सोडल्याबरोबर परत येतं. थकलेलं कापड हळूहळू येतं आणि पूर्वीच्या लांबीला पोचतच नाही, मध्ये एक फुगवटा राहतो. बसायच्या जागी फुगवटा आणि काखेखाली कापड टणक, तर नुकसान घर्षणाचं किंवा त्या जागी साचून राहणाऱ्या ओलाव्याचं आहे. दोन्हीकडे सारखाच ढिलेपणा असेल तर कारण पाण्यात, धुण्यात किंवा वाळवण्यात शोधायचं.

मग फक्त कड ताणा. मांडीची कड बोटांनी पकडून तिच्या आतली पट्टी चाचपा. कापड झटकन परत येतंय पण पट्टी लांबलेली, कडक किंवा करकरणारी, तर गेलंय ते फक्त इलॅस्टिक. ही आनंदाची बातमी. असा कॉस्च्युम टाकून देऊ नका, तो सरळ दुरुस्त होतो. उलट पट्टी ठणठणीत आणि कापड झोळी झालेलं असेल तर कोणी कितीही घट्ट इलॅस्टिक घातलं तरी कड अंगात रुतेल आणि मधलं कापड तसंच लोंबेल.

करकर आवाजाबद्दल एक सांगते. तो आवाज आतले बारीक तंतू किंवा वाळून ठिसूळ झालेलं रबर तुटण्याचा असतो. तो ऐकू आला की पुन्हा पुन्हा ताणून खात्री करत बसू नका, दर खेपेला आणखी चार तंतू जातात.

उजेड आणि भिंग

खिडकीपाशी उभं राहून कापड उजेडासमोर धरा, आत हात घालून बोटं पसरा. बोटांच्या कडा स्पष्ट दिसल्या तर कापड पातळ झालंय. साधं भिंग असेल तर पृष्ठभाग बघा. वर आलेले पांढरे आखूड केस म्हणजे तुटलेला इलास्टेन, कापडात विणलेला तो ताणणारा तंतू. हा तंतू सहसा रंग धरत नाही, म्हणून गडद कापडावर पांढरा उठून दिसतो. अखंड असतो तेव्हा नायलॉनच्या विणीत आत लपलेला असतो, तुटला की त्याची टोकं बाहेर डोकावतात. लोक याला धूळ समजून ब्रशने घासतात आणि विणीतलं आणखी काही बाहेर ओढतात.

तो का तुटतो हे कळलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप कळतात. लेबलवर इलास्टेन, स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा काहीही लिहिलेलं असो, तंतू एकाच जातीचा. १९५८ साली ड्युपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो बनवला. त्या वेळी हेतू होता अंगाला घट्ट बसणाऱ्या अंतर्वस्त्रांमधल्या रबराला पर्याय शोधण्याचा. रोज क्लोरीनच्या पाण्यात बुडवायची वस्तू म्हणून त्याचा विचारच झाला नव्हता. आपल्या लांबीच्या पाचपटीहून जास्त ताणून तो परत येऊ शकतो, कारण त्याच्या रेणूत मऊ आणि कडक भाग एकाआड एक असतात. मऊ भाग ताणले जातात, कडक भाग त्यांना धरून ठेवतात. क्लोरीन याच रचनेवर हल्ला करतं आणि साखळ्या तोडतं. ऊन, उष्णता, अंगाचं आणि क्रीमचं तेल, ओला दमटपणा हे सगळे त्याला मदत करतात. तुटलेली साखळी कुठल्याही साबणाने, व्हिनेगरने किंवा बर्फाच्या पाण्याने जोडली जात नाही. थंड पाण्यात भिजवून कॉस्च्युम पुन्हा घट्ट होतो असं सांगणारे भेटतात. थोडा आकसल्यासारखा वाटतो खरा, पण अंगावर चढला की पहिल्यासारखाच.

लेबल वाचा

कॉस्च्युमच्या आतली चिठ्ठी बहुतेकांनी पहिल्याच दिवशी टोचते म्हणून कापलेली असते. असेल तर बघा. ऐंशी टक्के नायलॉन आणि वीस टक्के इलास्टेन, किंवा त्याच्या आसपासचं प्रमाण, हे नेहमीचं मऊ, चकचकीत कापड. अंगाला छान बसतं, क्लोरीनपुढे लवकर हार मानतं. पॉलिस्टर आणि पीबीटी असं लिहिलेलं असेल तर त्यात बहुधा इलास्टेन नसतोच. पीबीटी हा पॉलिस्टरच्याच कुळातला तंतू, मुळातच कुरळा, त्यामुळे त्या कुरळेपणातून ताण येतो. क्लोरीन त्याचं फारसं काही बिघडवत नाही. पॉलिस्टर रंगही घट्ट धरतं. हातात घेतलं तर जरा राठ, घालताना जरा हट्टी, पण रोज पोहणाऱ्याने तेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे नायलॉनचा कॉस्च्युम रोजच्या सरावाला वापरून तो काही महिन्यांत ढिला पडला, तर त्यात तुमची चूक शोधायला नको. वस्तू त्या कामाची नव्हती. पॉलिस्टर-पीबीटीचा लवकर गेला असेल तर मात्र पुढच्या तपासण्या नीट करा, कारण तिथे काहीतरी नक्की बिघडलेलं आहे.

पूलमधून बाहेर आल्यावरचा तास

आता खरी मेख. माझ्याकडे येणारे बहुतेक कॉस्च्युम पाण्यात जितके झिजतात त्याहून जास्त पिशवीत झिजतात. पोहून झालं, अंग पुसलं, कॉस्च्युम ओलाच टॉवेलमध्ये गुंडाळला, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला आणि पिशवी गाडीत किंवा दप्तरात दिवसभर. त्या गुंडाळीत पूलचं पाणी तसंच असतं. क्लोरीनला दुसरं काही काम नसतं, ते कापडाशी भांडत बसतं. गाडी तापली की हे भांडण वेगाने होतं. उष्णता दहा अंशांनी वाढली की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. क्लोरीन संपलं की दमटपणा आणि बुरशी पुढचं काम हातात घेतात. कुबट वास तिथून येतो.

म्हणून पूलवरच शॉवरखाली, अंगात असतानाच, कॉस्च्युममध्ये साधं पाणी भरभरून घ्या. गळ्यातून आत, कंबरेतून बाहेर. नंतर काढून स्वच्छ पाण्यात दोनदा विसळा. पिळू नका. कोरड्या टॉवेलवर पसरा, गुंडाळी करा, तळहाताने दाबा. पाणी टॉवेलमध्ये जातं, कापडाला पीळ बसत नाही. घरी नेताना जाळीच्या किंवा तोंड उघड्या पिशवीत.

विसळणं पुरेसं झालं का, हे वासावरून ओळखणं कठीण. पूलचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो मोकळ्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीन घाम आणि लघवीशी मिळून जी क्लोरामाइन तयार होतात त्यांचा तो वास. माझी पद्धत अशी: पूलचं पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्यातली एक शेवटच्या विसळलेल्या पाण्यात बुडवायची आणि दुसरी नुसत्या नळाच्या पाण्यात. नळाच्या पाण्यातही थोडं क्लोरीन असतंच, म्हणून तुलना हवी. दोन्ही पट्ट्यांचा रंग सारखा आला की झालं. विसळलेल्या पाण्याची पट्टी गडद दिसली तर आणखी एकदा विसळायचं. दोन-चार वेळा हे करून बघितलं की अंदाज बसतो, मग पट्ट्या लागत नाहीत.

संघाचे बरेच कपडे एकदम असतील तर क जीवनसत्त्व वापरा. ॲस्कॉर्बिक आम्ल क्लोरीनला लगेच निकामी करतं. एका भाग क्लोरीनला वजनाने साधारण अडीच भाग पुरतं. लिटरमागे ३ मिलिग्रॅम क्लोरीन असलेलं पाणी दहा लिटर घेतलं तर त्यात ३० मिलिग्रॅम क्लोरीन, त्याला ७५ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल लागेल. म्हणजे ५०० मिलिग्रॅमची एक गोळी बादलीभर पाण्याला उरून पुरते. फक्त ती रंगीत, संत्र्याच्या चवीची नको, रंग कापडाला लागतो. पाच मिनिटं बुडवून ठेवा, मग साध्या पाण्याने काढा.

व्हिनेगरचं नाव या संदर्भात फार घेतलं जातं. व्हिनेगर क्लोरीन निकामी करत नाही. क्षारांचा पापुद्रा आणि कुबट वास कमी करायला त्याचा उपयोग होतो, तेवढाच. आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्व कधीही ब्लीचच्या पाण्यात घालू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे.

पाण्यात उतरण्याआधी

ही सवय फुकट आहे आणि कोणीच पाळत नाही. कोरडं कापड पहिलं जे पाणी मिळेल ते शोषतं. शॉवरखाली चिंब भिजून उतरलात तर कापडात आधीच साधं पाणी असतं, पूलचं पाणी लगेच तितकं आत शिरत नाही. क्लोरीन अजिबात लागत नाही असं नाही, वेळ लागतो. शिवाय अंगावरचा घाम आणि क्रीम निघून गेल्याने पूलमधली क्लोरामाइनही कमी होतात. शॉवर घेऊन उतरा अशी पाटी पूलवर असते, तिचा हाही एक फायदा.

खाऱ्या पाण्याच्या पूलमध्ये पोहता म्हणून निश्चिंत असाल तर तेही काढून टाका. तिथे मिठापासून विजेच्या साहाय्याने क्लोरीनच तयार केलं जातं. समुद्रात क्लोरीनचा हा त्रास नाही, पण मीठ वाळलं की त्याचे खडे विणीत अडकतात आणि हालचालीबरोबर कापड घासतात. विसळणं दोन्हीकडे सारखंच. अस्तरात वाळू अडकली असेल तर मात्र आधी पूर्ण वाळू द्या. ओली वाळू जाळीत घट्ट बसते. कोरडी झाली की कापड हलकं ताणून मागून टिचकी मारली तरी निघते.

धुणं

हाताने, गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात, ३० अंशांच्या वर नाही. पातळ सौम्य साबण अर्धा चमचा, दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने दाबत राहायचं. रात्रभर भिजवायची गरज नाही, त्याने रंग मात्र जातो. पावडर टाळा, न विरघळलेले कण घासतात. फॅब्रिक सॉफ्टनर तर बिलकूल नको. तो तंतूंवर मेणचट थर चढवतो, कापड गुळगुळीत लागतं आणि परत येण्याची ताकद मंदावते.

मशिनमध्येच टाकायचा असेल तर जाळीच्या पिशवीत, नाजूक कपड्यांच्या फेरीवर, एकटा किंवा इतर सौम्य कपड्यांबरोबर. ब्राचे हुक, जीन्सची चेन, वेल्क्रो हे सोबत नकोत. उसवलेल्या जाळीदार अस्तराचे कॉस्च्युम येतात त्यात हुकांचा वाटा मोठा असतो.

दोन रंगांचा नवा कॉस्च्युम असेल तर पहिल्या काही धुण्यांत ओला घडी घालून ठेवू नका. गडद पट्ट्याचा रंग पांढऱ्या भागावर उतरतो, आणि तो काढायला ब्लीच वापरलं की उरलेलं कापडही जातं.

वाळवणं

सावलीत, हवेशीर जागी, आडवा पसरून. खांद्याच्या पट्ट्यांना चिमटे लावून ओला कॉस्च्युम टांगला की सगळ्या पाण्याचं वजन पट्ट्यांवर येतं आणि त्या लांबतात. पट्ट्या लांबल्याची तक्रार असेल तर पहिला प्रश्न मी हाच विचारते. दोरीवर टाकायचाच तर कंबरेतून दुमडून, दोन्ही बाजूंना सारखं वजन येईल असा.

कडक ऊन नको. अतिनील किरणांनी रंग विटतो, नायलॉन पिवळट आणि ठिसूळ होतं. ड्रायर, हीटर, इस्त्री यांचा विचारही नको. पूलवर पाणी काढायचं फिरकीचं यंत्र असतं, त्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. काही लेबलांवर ते वापरू नका असं असतं, ते पाळा. तसं काही नसेल आणि पर्याय ओल्या पिशवीत दिवसभर ठेवण्याचा असेल तर काही सेकंद फिरवणं मी पसंत करेन.

दोन कॉस्च्युम आलटून पालटून वापरा असं सांगतात. इलास्टेनला विश्रांती लागते हे कारण देतात. मला दिसलेला फायदा साधा आहे: दोन असले की प्रत्येक जण पूर्ण वाळतो.

डाग

पिवळे-नारिंगी डाग मानेशी आणि मांडीच्या कडेला असतील तर सनस्क्रीनकडे बघा. घटकांत ॲव्होबेंझोन हे ऊन अडवणारं रसायन असेल तर ते पाण्यातल्या लोहाशी मिळून गंजासारखा डाग करतं. पाणी जड असेल तिथे हा त्रास जास्त. ब्लीच लावलं की डाग आणखी गडद होतो, म्हणजे सहज सुचणारा उपाय नेमका उलटा. आधी कोरड्या डागावर भांडी घासायचा पातळ साबण लावून पंधरा मिनिटं ठेवा, तेल सुटतं. विसळा. मग पेलाभर पाण्यात एक चमचा लिंबूसत्व विरघळवून डागावर लावा, पंधरा-वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने काढा. आधी आतल्या शिवणीवर करून बघा, रंग उतरत नाही ना. फिकट रंगावर हिरवट झाक असेल तर पाण्यात तांबं आहे, तिथेही लिंबूसत्वच. दोनदा करून फरक पडला नाही तर थांबा. तिसऱ्यांदा डाग जाण्याऐवजी कापड जातं.

सनस्क्रीन लावून पंधरा मिनिटं थांबून मग कपडे घातले तर यातलं बरंच टळतं.

बुरशीचे काळे ठिपके धुऊन कमी होतात, पूर्ण जात नाहीत.

घर्षण आणि गरम पाणी

गोळे फक्त बसायच्या जागी असतील तर पूलच्या खरबरीत काठावर बसणं बंद करा किंवा खाली टॉवेल घ्या. गोळे काढायचं यंत्र या कापडावर चालवू नका, इलास्टेनच्या वर आलेल्या टोकांना ते कापत जातं.

गरम पाण्याच्या टबात जाणाऱ्यांसाठी जुना कॉस्च्युम वेगळा ठेवा. तिथलं पाणी ४० अंशांपर्यंत असतं आणि जंतुनाशकाचं प्रमाणही पूलपेक्षा जास्त ठेवावं लागतं. चांगला कॉस्च्युम तिथे नेणं म्हणजे त्याचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणं.

पूलचं पाणी

वरचं सगळं पाळूनही कॉस्च्युम लवकर जातोय, आणि त्याच पूलमध्ये पोहणाऱ्या इतरांचीही तीच रड आहे, तर पाणी तपासायला हवं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार पूलमध्ये मोकळं क्लोरीन निदान १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्कलीकडे ते सांगणारा आकडा, ७.० ते ७.८ असावा. गरम टबात क्लोरीन निदान ३ पीपीएम. पीएच महत्त्वाचा का, तर क्लोरीनचं पाण्यात जे तीव्र रूप असतं ते पीएच ७.५ च्या आसपास निम्मं असतं आणि पीएच घसरला की त्याचा वाटा वाढतो. क्लोरीनचा आकडा तोच, पण कापडावर आणि डोळ्यांवर मार जास्त.

पट्टीने आकडे बघा, वेळेसह लिहून ठेवा आणि पूल चालवणाऱ्यांना दाखवा. सकाळी लवकर, रसायन नुकतंच घातलेलं असताना पोहणाऱ्यांचे कॉस्च्युम लवकर जातात का, हेही विचारण्यासारखं आहे. घरचा पूल असेल आणि आकडे मर्यादेबाहेर असतील तर स्वतः रसायनं ओतून सुधारायच्या भानगडीत पडू नका. क्लोरीन आणि आम्ल यांचा चुकीचा संगम जिवावर बेततो. तिथे तंत्रज्ञच बोलवायचा.

इलॅस्टिक बदलणं, आणि कुठे थांबायचं

हाताने ताणून बघताना फक्त कड गेलेली निघाली असेल तर दुरुस्ती शक्य आहे. घरी करायची असेल तर झिगझॅग टाका मारणारं मशीन आणि ताणणाऱ्या कापडावर आधी काम केलेला हात, दोन्ही हवं. साधी टोकदार सुई इलास्टेनचे तंतू छेदते आणि शिवणीच्या रेषेवर भोकं पडत जातात, म्हणून गोलसर टोकाची बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच सुई, ७५ नंबरची. दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो, शिवाय ताणला की तुटतो. इलॅस्टिक पोहण्याच्या कपड्यांसाठी बनवलेलं घ्या, घरातल्या पेटीकोटचं घातलं तर थोड्याच दिवसांत पुन्हा उसवत बसाल. जुनी शिवण उसवताना कापड ओढू नका, टाका टाका कापा.

साध्या सरळ टाक्याचंच मशीन असेल तर इथेच थांबा. सरळ टाका पहिल्याच ताणाला तुटतो. ओव्हरलॉक असलेल्या, ताणणारे कपडे शिवणाऱ्या शिंप्याकडे द्या. देताना कॉस्च्युम धुऊन, वाळवून द्या आणि कुठली कड गेली आहे ते खडूने खूण करून दाखवा. घट्ट बसवा एवढंच सांगू नका. जुन्या इलॅस्टिकचा चांगला राहिलेला तुकडा ताणून दाखवा, म्हणजे किती ताण हवा ते शिंप्याला हाताने कळतं. स्पर्धेचे शिवणीऐवजी चिकटवलेल्या जोडांचे सूट असतील तर साध्या शिंप्याकडेही नको. त्यांना सुई लागली की तिथून पाणी शिरतं. ते उत्पादकाकडेच पाठवावे लागतात.

अंगावर कॉस्च्युमच्या खाली पुरळ, खाज किंवा केसांच्या मुळाशी लाल पुटकुळ्या येत असतील तर धुण्याच्या पद्धती बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. विशेषतः गरम टबानंतर आल्या असतील तर.

आणि कापडच गेलं असेल, म्हणजे उजेडात बोटं दिसताहेत, पांढरे केस सगळीकडे आहेत, काखेखालचं कापडही परत येत नाही, तर शिंप्यावर पैसे घालवू नका. मीही असे परत पाठवते. सरावात जास्त रोध हवा असणारे जलतरणपटू असा जुना कॉस्च्युम नव्यावरून घालतात, तो उपयोग करता येतो. नाहीतर त्यातले कप, नाडी आणि प्लॅस्टिकची बकलं काढून घ्या, पुढच्या दुरुस्तीला नेमकी तीच मिळत नाहीत.